मिरजेची चिठ्ठी

वरून पाहिली तर दाढ साधीच.
खाली दोन मुळं, त्यातलं पुढचं टोकाशी
खुरप्यासारखं वळलेलं.
एक्स-रेत ते दिसत होतं. मी पाहिलंही होतं.
तरी म्हटलं, जाईल.
सव्वीस वर्षं जात आलंय.

पंधरा नंबरची फाइल आत गेली
आणि बाहेर आली ती तीन मिलिमीटरनं आखूड.

आवाज झाला नाही.
पोहरा सुटून दोर हलका व्हावा
तसं बोटांना कळलं, एवढंच.
शेवंतानं सक्शन धरलं होतं तसंच धरून ठेवलं
आणि माझ्याकडं बघितलं नाही. गुणाची पोर.

सर्जेराव देवकर तोंड उघडं ठेवून
पंख्याकडं बघत होते, निवांत.
त्यांच्या आईची कवळी मीच बसवलेली,
वहिनींच्या हिरड्या दर दिवाळीआधी माझ्याकडं,
आणि नातू, ज्यानं पडलेला दुधाचा दात
मला दाखवायला आणला आणि परत मागून नेला.

आमच्या विट्यात "मिरजेला न्या" हे वाक्य
आवाज खाली घेऊन म्हणतात.
ते ऐकलं की कुणी पैसे मोजतं, कुणी पिशवीत कपडे भरतं,
शेजारीण येऊन दूध उतरवून ठेवते.
एका दाढेसाठी ते कसं म्हणायचं?

"सुई तुटली," मी म्हणाले. "आतच राहिलीय.
माझ्या हातून निघणार नाही.
मिरजेत डॉक्टर मुजावर आहेत, मुळांचंच काम करतात,
त्यांच्याकडं मायक्रोस्कोप आहे."

चूळ भरून त्यांनी सावकाश विचारलं,
"तुमच्या हातनं निगत न्हाई,
मग कुणाच्या हातनं निगंल?"
स्तुतीच होती ती.
पण बसली कुठं ते मला ठाऊक.

लेटरहेड ओढलं.
"दुर्दैवाने फाइल तुटली" —
यात दैवाचा काय संबंध? फाडला.
"मुळाच्या वक्रतेमुळे" —
म्हणजे चूक सर्जेरावांच्या मुळाची. तोही फाडला.
तिसऱ्यावर लिहिलं:
वळण दिसत होतं. फाइल माझ्याकडून तुटली.
रुग्णाला कल्पना दिली आहे. कृपया पाहावं.
रेहाना मुजावर माझ्या मुलीच्या वयाची.
"आपली" असं लिहून सही करताना
पेन थोडं थांबलं.

सर्जेराव अजून खुर्चीतच.
तीस वर्षं कोइमतूरला भट्टीपुढं बसून
सोनं गाळलेला माणूस, भुवया कायमच्या विरळ.
म्हणाले, "हात कितीबी बसलेला असू द्या मॅडम,
सोनाराकडनं कण सांडतोच.
मग सोनार सोता गटारीत उतरतोय व्हय?
झारेकऱ्याला बलवतोय. त्यो माती धुतोय,
त्याला घावतोय कण.
म्हून काय सोनार कच्चा?"

मी चिठ्ठी पाकिटात घातली
आणि पाकीट चिकटवलं नाही.
एसटीत वाचायची असेल तर वाचोत.
"किती झालं?" त्यांनी विचारलं.
"आजचं काही नाही."
"आसं कसं," म्हणाले, आणि शेवंताच्या टेबलावर
पन्नासाच्या दोन नोटा पेपरवेटखाली सारून गेले.

नऊ दिवस फोनकडं बघितलं नाही असं मी म्हणेन.
शेवंता वेगळं सांगेल.

दहाव्या दिवशी ते आले, गालाला सूज नाही.
माझंच पाकीट, आत मुजावरांची दोन ओळींची उत्तर-चिठ्ठी:
"निघाली. दीड तास लागला. कॅप तुमच्याकडूनच
करून घेणार म्हणतात, ऐकत नाहीत."
खाली चिकटपट्टीत तो तुकडा,
पापणीच्या केसाएवढा.

"कॅप सोन्याची करू या?" मी गमतीनं विचारलं.
"नगं. सोनं लई बघितलं. दातासारखी करा."
मग त्यांनी चिकटपट्टी उजेडात धरली,
सवयीनं एक डोळा मिटला,
आणि म्हणाले, "काट्यावर याचा न्हाई ह्यो."

मी हातमोजे चढवले.
"आ करा," म्हटलं.