तिसरा गिअर

मोरचुदाचा निळा डाग टाकीखाली होता,
स्पोकच्या मुळांशी होता,
आणि एअर फिल्टरमध्ये द्राक्षाचं एक वाळलेलं पान,
कुणी जपून घडी घालून ठेवावं तसं.

मोहाडीच्या कोंडाजी पिंगळ्यांकडून आणली ही येझदी,
पिकअपमध्ये, क्रेटच्या दोरीनं आवळून.
ते छाटणीचे मुकादम. टोळीच्या पुढे
पस्तीस हंगाम हिच्यावरून बागा पालथ्या घातलेल्या.
विकताना एवढंच म्हणाले,
"तिसरा टिकत नाही, ताई. दुसऱ्यावरून सरळ चौथा.
होईल सवय."

सिडकोतलं घर. पार्किंग म्हणजे
कुंड्या आणि रिकामा सिलिंडर यांच्यामधली साडेसहा फूट.
दिवाळीला उघडली, होळीपर्यंत उघडीच.
नट-बोल्ट इडलीच्या साच्यात:
वरच्या ताटलीत क्लचचे, खालच्या ताटल्यांत बाकीचे,
एक वाटी कायम रिकामी,
तिच्यातलं काय हरवलंय ते आठवत नव्हतं.
खैरनार वहिनी कुंपणावरून विचारायच्या,
"अजून सुटीच आहे का हो तुमची गाडी?"

आयटीआयमध्ये मी पोरांना शिकवते
हातोडी हे शेवटचं हत्यार.
म्हणून बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये, मटारांच्या शेजारी,
आणि केसिंग सकाळी डोशाच्या तव्यावर.
पाण्याचा थेंब टाकला, चर्र करून उडाला,
बेअरिंग हातातून सोडलं
आणि ते आपणहून जागेवर बसलं. टक्.
त्या दिवशी डोसे केले नाहीत.

तिसऱ्याचं दुखणं सापडलं:
डॉगचे कोपरे झिजून गोल,
चघळलेल्या लिमलेटच्या गोळीसारखे.
फोर्कही किंचित वाकलेला,
वर्षानुवर्षं एकाच कुशीवर झोपणाऱ्या माणसासारखा.

भद्रकालीतले मुश्ताकभाई जुना गिअर शोधून देताना म्हणाले,
"ओरिजिनल ठेवा मॅडम, भाव येतो."
पण मला सहा व्होल्टचा पिवळट मिणमिणता दिवा नको होता.
बारा व्होल्ट केलं. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन.
कार्ब्युरेटर दुसऱ्याच गाडीचा,
त्याचा अडॅप्टर मी स्वतः लेथवर काढला,
अर्धा मिलिमीटर चुकला, पुन्हा काढला.
फोनवर कोंडाजींना सांगितलं, जरा घाबरतच.
ते हसले. "आमच्याकडे खुंट रानटी असतो, काडी निराळ्या जातीची.
घड लागला की कोण विचारतंय?"

पाडव्याच्या आदल्या दिवशी ते आले,
एसटीनं, पिशवीत मनुके घेऊन.
टाकीवरून हात फिरवला. रंगाबद्दल बोलले नाहीत.
येझदीची जी किक, तोच गिअर,
मारायची आणि पुढे वळवायची,
एका दांडीला दोन कामं,
आमच्या घरात याचं कुणाला नवल नाही.
त्यांनी मारली. दुसऱ्या किकेला लागली.
निळसर धूर वहिनींच्या वाळवणावर गेला.

गल्लीच्या टोकापर्यंत गेले.
मी डोळे मिटून ऐकत होते.
पहिला.
दुसरा.
आणि मग पायाची ती घाई: खट-खट,
तिसरा लागतोय न लागतोय तोच चौथा.
इंजिन कुरकुरलं. त्याला हे आता पटत नव्हतं.
येतानाही तसंच.

"काका, तिसरा केलाय मी."
त्यांनी खाली पायाकडे बघितलं,
जणू तो दुसऱ्याच कुणाचा.
"केला का?" म्हणाले. "मग त्याला सांगायला हवं."
पुन्हा मात्र बसले नाहीत. चहा घेतला,
मनुके कसे भिजवायचे ते सांगितलं,
आणि साडेपाचची एसटी गाठायला निघाले.

रात्री जेवणं झाल्यावर मी काढली.
दिंडोरी रोडनं म्हसरूळच्या पुढे,
चौथ्याची गरज होती तिथेही
तिसऱ्यातच ठेवली.
नवा दिवा लांबवर पडत होता,
कडेच्या बागांच्या तारांवर, खांबांवर.
टाकीखालचा निळा डाग तेवढा
मी पुसलेला नाही.