हिराच्या काड्या

म्हापशाहून थर्माकोलच्या खोक्यात बेकन आलं,
दुपारच्या एसटीनं, कंडक्टरच्या पायाशी बसून.
इनासनं ते उघडलं तेव्हा वाटलं,
रोवेनाच्या झग्यासाठीच कुणी
गुलाबी मलमलीच्या पट्ट्या पाठवल्यात.

खजूर सुलेमान मुकादमचे,
भावानं कुवेतहून आणलेल्या दोन डब्यांतला एक.
त्यांचं काय होणार ते त्याला ठाऊक होतं.
"माका सांगू नको," गडग्यापलीकडूनच म्हणाला,
"बिया तेवढ्या टाकू नको. परत दी."

एकोणीस वर्षं हा माणूस जहाजावर रांधत होता
आणि मी त्याला रांधताना कधी पाहिलं नव्हतं.
सुट्टीवर आला की जेवायला बसायचा,
तिसऱ्यांची दुसरी वाटी मागायचा,
दीड महिन्यानं पुन्हा बॅग.
आज माझ्या ओट्याशी उभा,
माझाच जुना टॉवेल खांद्यावर,
आणि मला म्हणतो, "जरा बाजूला हो."
झाले.

सुरी उभी. एक चीर, पेराएवढी.
अंगठ्यानं बी बाहेर,
खजुराला कळतसुद्धा नाही.
आत काजूची पाकळी
(वेंगुर्ल्यात बसून बदाम कशाला, म्हणाला)
आणि परबांच्या दुकानातल्या
चांदीच्या कागदातल्या चीजचा नखाएवढा तुकडा.
मग पट्टी. घट्ट नाही, सैल नाही,
तान्ह्याला दुपट्यात गुंडाळावं तशी.
रोवेनाला मी गुंडाळायचे.
तो तेव्हा कुठल्या समुद्रात होता
ते पाकिटावरच्या तिकिटावरून ओळखायचे.

काड्या आणायच्या राहिल्या होत्या.
मी कोरी केरसुणी सोडली,
हीर तासले, कापले, उकळत्या पाण्यातून काढले.
साठ.
तो बघत राहिला.
"जहाजावर रात्रीचे चारशे करायचो.
ताटं परत आली की काड्या मोजायच्या.
काड्या जेवढ्या, तेवढे खपले."
"आणि तू किती खाल्लेस?"
"मी मोजायचो."

साडेपाचला वीज गेली.
झेल्माकडून उसना आणलेला ओव्हन थंड.
व्याही मालवणचे, सात म्हणजे सात.
इनासचा चेहरा आज पहिल्यांदा ओळखीचा झाला,
लग्नात अंगठी सापडेना तेव्हाचा.
मी काही बोलले नाही.
सोरपोतेल उतरवलं, ते तसंही तीन दिवस मुरलंय,
चुलीत करवंट्या घातल्या,
वर घावण्यांचा बिडाचा तवा.
"तेल?"
"नको. त्याचंच सुटतं."

सुटलं. आधी चरचर, मग वास,
गोड की खारट ते ठरवू न देणारा.
मांजर माडावरून उतरलं.
मुकादमांची खिडकी लागली, हळूच, रागानं नाही.
इनास चिमटा न घेता बोटांनीच एकेक परतत होता,
जाळ लागतोय हे बोटांना कुणी सांगितलंच नसावं.

एक फुटला. चीज तव्यावर, पट्टी काळी.
"हा बाहेर जात नाही," म्हणत त्यानं उचलला, टाकायला,
सवयीनं.
मी मनगट धरलं.
काडी चुलीत टाकली, अर्धा मी खाल्ला,
अर्धा त्याच्या तोंडात कोंबला.
तो बराच वेळ चावत राहिला.
"मीठ बरोबर आहे," म्हणाला,
दुसऱ्याच कुणी आचाऱ्याबद्दल बोलावं तसं.

साखरपुडा झाला. भाषणं झाली, वीज आली,
सोरपोतेलचं भांडं खरवडलं गेलं.
बिया धुऊन डब्यात घालून मी गडग्यावर ठेवल्या.
"आपल्याकडे धरना नाय. पावसान कुसता,"
सुलेमान दर वर्षी सांगतो, आणि दर वर्षी लावतो.

रात्री बारा. जमिनीवर बसून
इनास हिराच्या काड्या मोजतोय.
अठ्ठावन्न. पुन्हा. अठ्ठावन्न.
"एक चुलीत गेली. एकोणसाठ हव्यात."
"झोप आता."
नाही. टॉर्च घेऊन अंगणात गेला,
खुर्च्यांखाली, तुळईमागे, झग्याच्या लेसमध्येसुद्धा.

शेवटी सोप्यावर सापडली.
व्याह्यांचे म्हातारे वडील आरामखुर्चीत गाढ झोपलेले,
दातांच्या फटीत काडी,
श्वासाबरोबर वर, खाली.
इनास टॉर्च विझवून तिथंच उभा राहिला.
"एकोणसाठ," म्हणाला.