व्हाउचर

जोमा भगताच्या सिनेमांचे हिशेब मी लिहिले,
एकवीस वर्षं, करावे गावात,
त्याच्या चुलत्याच्या बर्फाच्या गाळ्यात, वरच्या माळ्यावर.
खाली लाद्या फुटायच्या, वर मी बेरजा मारायचो.
बोटं गार, आकडे लाल.

निर्माता म्हंजे कोन रं, त्याच्या आईने विचारलं होतं.
जो सगल्यांच्या मागून जेवतो तो, तो म्हणाला.
मंग त्यान नवीन काय,
म्हणत ती कोळंबी सोलत राहिली.

पहिल्या चित्रपटाला होडी गेली, इंजिनासकट.
व्हाउचर क्रमांक एक: कॅमेऱ्याला छत्री, एकशे दहा.
वाशीला सकाळी पावणेदहाचा खेळ, चारच दिवस.
प्रेक्षकांत एक जोडपं, गेटवरच्या रखवालदाराचा भाऊ
आणि आम्ही, तिकीट काढून.
ती तिकिटं मी प्रसिद्धीखर्चात टाकली.

दुसऱ्याला सानपाड्याचा प्लॉट,
साडेबारा टक्क्यांतला.
आजोबांचं मिठागर सिडकोने नेलं,
वीस वर्षांनी बदल्यात एक कागद आला,
त्या कागदाची बहात्तर मिनिटं झाली.
धाकटा भाऊ अजून बोलत नाही.
वर्गणीला येतो तेव्हा पावती माझ्याकडे देतो.

तिसरा कसाबसा मेक्सिकोला पोचला,
डोंगरातल्या कुठल्याशा शहरात.
तिथे ओफेलिया नावाची बाई भेटली, तीही निर्माती,
पंचावन्नची, तीन चित्रपट, तिन्ही डब्यात.
मध्ये दुभाषा पोरगा.
तिने नाव-गाव काही विचारलं नाही.
काय विकलंस, विचारलं.
पलॉट इकला, मिठाचा, जोमा म्हणाला.
मी मक्याचं शेत, ती म्हणाली,
आणि नवऱ्याचा ट्रक, त्याला न सांगता.
दोघं असे हसत सुटले
की पोराला भाषांतर करायला काही उरलं नाही.
त्या जेवणाचं बिल जोमाने घडी घालून आणलं होतं.
एक अक्षर लागेना.
मी लिहिलं: परदेशी चर्चा.

परवा गावदेवीच्या अंगणात पहिला चित्रपट लावला,
दोन बांबू, एक चादर, भाड्याचा जनरेटर.
खाडीचा वारा चादरीत शिरला की नायिकेचं पोट सुटायचं,
पोरं खिदळायची.
गोष्टीकडे कोणाचं लक्षच नव्हतं.
मग मिठागराचा बांध आला, मागे ढीग, पांढरे,
आणि म्हाताऱ्या एकदम उठून उभ्या.
अगो, ती आपली फळी!
त्या चिंचेखाली चांगूनाचा खोपा व्हता!
आता तिथे बावीस मजले आहेत, खाली जिम.
परत दाव, कोणीतरी ओरडलं.
जोमाने परत दाखवलं.
मग परत.
पाचव्यांदा बांध आला आणि डिझेल संपलं.

अंधारात त्याचा आवाज: लिव, डिझेल, सा लिटर.
कुठल्या खात्यात, मी विचारलं.
त्याला ऐकू गेलं नसावं,
तो खुर्च्या मोजत होता.
दोन कमी भरत होत्या.