निवेदक क्रमांक सात

प्रबंधाचं शीर्षक तीन ओळींचं आहे.
त्यात अस्मिता एकदा येते, सत्ता दोनदा,
आणि सोलापूर अगदी शेवटी, स्वल्पविरामानंतर,
पत्त्यात पिनकोड येतो तसं.
हिरेमठ सर म्हणाले, शीर्षक झालं, आता माणसं आण.
मी बस पकडली आणि विडी घरकुलात
घरीच आले.

अम्मा उंबऱ्याशी, सूप मांडीवर,
रात्री भिजवलेलं पान, पत्र्याचा फर्मा, कात्री,
दोऱ्यानं बोटाला पडलेली खाच.
मोबाइल सुपातच ठेवला, तंबाखूशेजारी.
म्हटलं, बोल.
काय बोलू?
तुझ्याबद्दल.
हजार व्हायच्यात अजून, म्हणाली,
चारशे झाल्यात.

ती मोजते तेलुगूत, हिशेब सांगते मराठीत,
शेजारच्या शकिलाखालाशी भांडते तिसऱ्याच बोलीत,
जी दोघींनी मिळून वापरून वापरून मऊ केलीय.
देवाशी कशात बोलते ते विचारलं नाही,
प्रश्नावलीत तो रकाना नव्हता.

पहिलीत बाईंनी चित्राचं कार्ड वर धरलं होतं,
हिरवं, गोल, देठाला एक पान.
हे काय? वर्ग ओरडला, पेरू!
आमच्या घरात पेरू म्हणजे नाव.
मी उभी राहिले आणि सांगितलं,
मौनिका अंबादास मेरगू.
तो वर्ग अजून कुठंतरी हसतोय.

कारखान्यात चेकर असतो.
कट्टा उचलतो, दाबतो, नाकाशी नेतो,
मूठभर विड्या बाजूला फेकतो. छाट.
छाटीची मजुरी नाही,
आणि त्या परतही देत नाहीत.
हे सांगताना अम्माचा आवाज चढला नाही,
कात्री तेवढी थांबली.
मी वहीत लिहिलं: सत्ता. खाली दोन रेघा.
ती वाकून बघत म्हणाली,
एवढं बोलले की गं, तू एकच शब्द लिहिलीस?

तिसरं प्रकरण सरांनी परत दिलं.
निवेदकांची भाषा प्रमाण करावी.
तेलुगू वाक्यं वाचकाला अडवतात.
तेवढ्यात त्यांच्या आईचा फोन आला.
ते खिडकीशी गेले, माझ्याकडं पाठ करून
कन्नडमध्ये, इतकं हळू बोलले
की भिंतीलाही कळू नये,
आणि परत येताना चष्मा पुसत आले.
त्या पाठीबद्दल मी कुठल्या प्रकरणात लिहू?

रात्री मुद्रण उतरवून काढलं.
जिथं ती तेलुगूत शिरली तिथं कंस केला,
कंसात लिहिलं: अस्पष्ट.
अकरा ठिकाणी.
मला एकही अस्पष्ट नव्हतं.
पलीकडच्या गल्लीतला यंत्रमाग मध्ये मध्ये येतो,
शकिलाखाला साखर मागून जाते,
आणि सतराव्या मिनिटाला अम्मा विचारते,
ना पेरू रास्तावा?

माझं नाव लिहिशील का.

पान त्रेचाळीसवर तिथं कंस आहे.
माझ्याच हातचा. छाट.

सकाळी तिला समजावलं, नियम आहे,
नावं द्यायची नसतात, तुमच्याच भल्यासाठी.
तू क्रमांक सात.
ती हसली.
कारखान्यात माझा नंबर दोन हजार सहाशे बारा,
सात म्हणजे बढतीच की, म्हणाली,
आणि पान भिजवायला आत गेली.

मी पान त्रेचाळीस उघडलं.
कंस पुसला. त्या जागी,
नियम नंतर बघू म्हणत,
तिचं नाव लिहून पाहिलं.
बरोबर वाटतंय का म्हणून
मोठ्यानं वाचलं:
बालामणी.

आतून पाण्याचा आवाज थांबला.
कोण आलंय गं, तिनं विचारलं,
कारखान्यातनं?