कडेच्या चार ओळी

झारियाच्या पुढे, लाल मातीच्या वाटेवर
असाबे चवळी लावते, आणि लग्नंही जमवते.
एकोणीस जमवली आजवर. दोन मोडली;
त्यांचा विषय ती कुणाला काढू देत नाही.

शेती खात्याचा पोरगा तांको
मोटारसायकलवर दोन पिशव्या घेऊन आला.
"या नव्या बियाण्यात मातीतल्या जंतूचं कसब उतरवलंय.
अळी शेंग कुरतडेल, की तिच्या पोटातलं एक कुलूप उघडेल
आणि ती संपेल.
माणसाच्या पोटात ते कुलूपच नाही."
लारईने लेकाच्या पोटावर हात ठेवून ऐकलं.
अर्धं पटलं,
अर्धं ओढणीच्या गाठीत बांधून ठेवलं.

"फवारे आठाचे दोन होतील."
इथे मात्र सगळ्या पुढे सरकल्या;
पंप वाहणाऱ्या पाठी घरच्याच होत्या,
आणि त्या रात्री जेवणालाही वास यायचा.

"आणि कडेच्या चार ओळी जुन्याच बियाण्याच्या.
अळीसाठी. फवारायच्या नाहीत."

हसू फुटलं. चोराला पाट मांडून वाढायचं?
तांको कागदावर चौकोन काढू लागला, टक्के, पिढ्या,
घामाने शाई फुटली.

असाबेने कागद बाजूला सारला.
"लाखात एखादी वाचेलच ना?"
"वाचेल."
"तिचा पतंग होणार. त्याला जोडीदार लागणार.
अख्ख्या शेतात वाचलेलेच उरले
तर वाचलेल्याचं वाचलेलीशीच लग्न,
आणि पोरं निघणार दगड पचवणारी."
तांको बघत राहिला.
त्याला हे कळायला दोन वर्षं लागली होती.
"म्हणजे शेजारी एखादं साधं स्थळ राखून ठेवायचं.
मऊ पोटाचं."

आता अंधारात ती बांधावर उभी आहे.
चार ओळींतली फुलं जाळ्याने चिकटलेली,
शेंगांना भोकं, भोकांतून ओला भुसा.
पलीकडे नवी चवळी, शेलाटी, निर्धास्त,
आपल्याच नावाच्या म्हणीला शोभेलशी.

तपकिरी पंखांवर काचेसारखा पांढरा पट्टा:
एक पतंग या ओळींतून उडाला.
पलीकडून कुणी निघालंय का, दिसत नाही.
आणि मातीखाली तो जंतू,
ज्याला यातलं कुणी काही विचारलं नाही,
स्फटिक उशाशी घेऊन निजलेला.

विसावं लग्न.
वाजंत्री नाही, देणंघेणं चार ओळींचं.
टिकेल?
असाबेला ती मोडलेली दोन आठवतात.
ती घरी जाते,
सकाळच्या भज्यांसाठी गेल्या वर्षीचे दाणे
कंदिलाजवळ धरून
किडके वेगळे काढत बसते.