शेरा

तक्त्यात सहा रकाने: क्रमांक, उंची,
पानाची लांबी, पानाची रुंदी, आठळीचं वजन,
आणि कडेला, अंगठा मावेल एवढाच, शेरा.

विद्यापीठाच्या रेमेईबाई मापं घेतात, मी लिहिते.
दिवसाचे साठ युरो, जेवण ज्याचं त्याचं.
वडील मागून येतात. कुणी बोलावलेलं नाही.
कमरेला कोयता, खिशात पाव,
आणि तोंडात प्रत्येक झाडाबद्दल काहीतरी.

क्रमांक चार. उंची: गुडघ्याइतकी.
शेळ्यांनी कुरतडून कुरतडून गोल उशी केलेली,
पानं नखाएवढी, डहाळीच्या टोकाटोकाला काटा.
बाई सांगतात, लिही: बाल्यावस्थेतलं पान.
वडील हसतात. बाल्यावस्था?
माझ्या आजानं हे असंच पाहिलंय.
म्हातारं आहे ते. राग तेवढा गेला नाही.

क्रमांक पाच, तिथून चार हातांवर,
बिनिमुर्ताच्या दगडी बांधाच्या आडोशाला.
तीच माती, खाली तोच खडक,
बी सुद्धा कदाचित एकाच कस्तुरानं
एकाच दुपारी टाकलेली.
आणि हे ताडमाड! पानं लांब, निमुळती,
पाठीला चांदी, काटा औषधालाही नाही.
बाई मापपट्टी मिटून जरा वेळ नुसत्या उभ्या राहतात.

अकराची फळं वाटाण्याएवढी, काळी कुळकुळीत.
बाराची लांबट, पिकली तरी जांभळं व्हायला तयार नाहीत.
तेराला या साली फळच धरलं नाही.
रकाना रिकामा ठेवू की शून्य लिहू?
रिकामं वेगळं, शून्य वेगळं, बाई म्हणतात.
जेवेपर्यंत मी त्यावरच अडकलेली.

वडील फाटकं करतात. मेनोर्काच्या शेताशेतांना
रानजैतुनाचीच फाटकं, वाकड्या फांद्यांची,
एकासारखं दुसरं नाही.
त्यांना झाड दिसतच नाही पुरतं.
ही बिजागरी, म्हणतात. ही कडी.
ही आडवी पट्टी, अजून वीस वर्षांनी.
हे काहीच नाही, हे मेंढ्यांच्या सावलीचं.
सरळ लाकडाचा त्यांना संशय येतो:
सुतासारखं सरळ म्हणजे
वाऱ्यानं ज्याला कधी काही विचारलंच नाही.

आणि वारा इथला त्रामुंताना, समुद्राचं मीठ घेऊन
उत्तरेकडून येतो, दिवस दिवस हटत नाही.
उत्तर टोकाची सगळी झाडं
दक्षिणेकडे तोंड करून पळताना थबकल्यासारखी.

संध्याकाळी बाईंनी दोनशे चौदा झाडांची सरासरी काढली.
पान: तीन सेंटिमीटर. रुंदी, उंची, सगळं आलं.
मला रात्रभर ते झाड दिसत राहिलं,
मध्यम बांध्याचं, नाकासमोर बघणारं,
कुणाच्या अध्यात ना मध्यात.
सकाळी लवकर जाऊन शोधलं.
नाही.
कुणी फुटभर थिटं, कुणी पानानं रुंद,
उंची जुळली तर आठळी जुळेना.

एकशे सहा तेवढं बरोब्बर तीन.
जवळ गेले तर कळलं कसं ते:
उत्तरेच्या अंगाची पानं दीड, मिठानं करपलेली,
दक्षिणेच्या अंगाची साडेचार, तजेलदार.
एका बुंध्यावरची दोन झाडं,
आणि मधे कुठेच तीनचं पान नाही.
मी मोजली, चाळीस पानं मोजली.

बाई आल्या तेव्हा ऊन वर आलं होतं.
एकशे सहाचा शेरा राहिलाय, म्हणाल्या.
वडील त्याच बुंध्याला पाठ टेकून
पाव खात बसले होते, डोक्यावरची टोपी
वाऱ्यात जराही हलत नव्हती.
मी अक्षर बारीक केलं आणि लिहिलं:
दक्षिणेच्या बाजूनं बसायला बरं.