हिप्परग्याचा चारशे सातवा शिंपला

मे महिना. साखर पेठेत खाली दोन लूमची खटखट,
वर पत्र्याच्या खोलीत मी
हिप्परगा तलावात पाणी भरते.
स्क्रीनवरच्या. अर्धा मीटर. पुरे.

बारा हजार शिंपले सोडलेत आत,
प्रत्येकाला एक ओळ: वय, लांबी, जिवंत की नाही.
चारशे सातवा मला आवडतो, उगाच.
नऊ वर्षांचा. पाठीवर नऊ वलयं,
सहावं नि सातवं अगदी खेटून,
म्हणजे तलाव आटला ते साल.
हे मनाने घातलेलं नाही,
काठावर सापडलेल्या एका खऱ्या शिंपीवरून
भिंग लावून मोजलंय.

पाणी एक अंशाने तापवते. काही होत नाही.
दोन अंशांनी. काही होत नाही.
तीनला, रात्री अडीच वाजता,
जिन्यावरून गोट्या सांडाव्यात
तसे आकडे खाली येतात.
तेवढ्यात लाइट जाते, लूम थांबतात.
यूपीएसवर शिंपले मरत राहतात.

सकाळी काठावर भागव्वा चिलापी साफ करत होती.
शिंपी तिच्या लेखी खवले काढायचं हत्यार.
"उन्हानं कशाला मरतील गं?
चिखलात शिरून तोंड मिटून बसत्यात.
पिल्लंच न्हाईत आता. समदे म्हातारे.
आदी मासा धरला की कल्ल्यात
रव्यावानी कण दिसायचे.
ह्या चिलापीत बघ. काय हाय?"

तिने कल्ला उघडून दाखवला. लाल, स्वच्छ.

माशाच्या कल्ल्याला चिकटून
शिंपल्याचं पिल्लू पहिला प्रवास करतं,
परीक्षेत लिहिलं होतं मी हे, पाच गुणांना.
माझ्या तलावात ऊन होतं, गाळ होता,
बाष्पीभवन तीन दशांश स्थळांपर्यंत.
मासा नव्हता.
जन्माला एक ठोकळ आकडा देऊन
मी रात्रभर मरणं मोजत बसले होते.

घरी नान्ना जकार्डचे पत्ते ओवत होते.
ऐकून घेतलं, मग तेलुगूतच म्हणाले,
"एक पत्ता राहिला की चादरीवर मोर येत नाही.
नुसती चोच येते."
मला हसू आलं नाही.

आता मासे सोडलेत. थोडे मरळ, थोडे रोहू,
चिलापी भरपूर.
तापमान अजून वाढवलेलं नाही.
आकडा उतरतोय, पण सावकाश,
त्याला कसलीच घाई नाही.
चारशे सातवा जिवंत आहे.
अकरा वर्षांचा. बारा. तेरा.

बारा हजाराच्या खाली
नवी ओळ येत नाही.